काळं मलम लावावं, पण कुठल्या फोडाला?

ताई, तुमच्या प्रश्नात दोन-तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करून मांडते. सासऱ्यांच्या मानेवर, केस संपतात तिथे, चार-पाच दिवसांपासून मोठा फोड आहे. ठणका लागतो, मान वळवता येत नाही, वर दोन-तीन पांढरी तोंडं दिसतात. त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, पण साखर बऱ्याच दिवसांत तपासलेली नाही. नणंदेने इंग्लंडहून आणलेली काळ्या मलमाची ट्यूब घरात आहे, तिच्यावर इक्थॅमॉल असं नाव आहे, आणि ते पू ओढून काढतं असं शेजारणीने सांगितलं. शिवाय करवंदं काढायला गेलेल्या मुलाच्या टाचेत काटा मोडलाय. दोघांनाही हेच मलम लावू का, आणि किती दिवस, असं तुमचं विचारणं आहे.

मी गोव्यात, डिचोलीत जनरल प्रॅक्टिस करते. पावसाच्या आगेमागे असे फोड, गळवं, केसतुडं माझ्याकडे रोज येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी घरी काहीतरी लावलेलं असतं. तेव्हा सासऱ्यांबद्दल आधी सरळ सांगते: हा फोड मलम लावून वाट बघण्यातला नाही. उद्या सकाळी त्यांना डॉक्टरांकडे न्या. ताप असेल, थंडी वाजत असेल, उलट्या होत असतील, नेहमीपेक्षा गुंगल्यासारखे वाटत असतील, तर सकाळचीही वाट बघू नका. रात्रीच जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) न्या, गाडी नसेल तर १०८ बोलवा.

आता कारणं. मलम चांगलं की वाईट, हा इथला खरा प्रश्न नाही. हा फोड दोन दिवस थांबू शकतो की नाही, हा आहे. थांबू शकणाऱ्या फोडाला काळं मलम लावलं तर बहुतेक वेळा बिघडत काही नाही. न थांबू शकणाऱ्या फोडाला लावलं तर मलमाने इजा होते असंही नाही, पण तेवढे दिवस हातचे जातात. नुकसान होतं ते तिथे.

इक्थॅमॉल म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. माशांचे जीवाश्म असलेल्या एका तेलकट खडकातून तेल काढतात, त्यावर सल्फ्युरिक आम्लाची आणि मग अमोनियाची प्रक्रिया करतात. त्यातून डांबरासारखं काळं, उग्र वासाचं द्रव्य मिळतं. १८८० च्या दशकात हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांनी ते वापरात आणलं. मलमात ते साधारण १० किंवा २० टक्के असतं. त्याने सूज थोडी उतरते, जंतूंना थोडा अटकाव होतो. मलमाचा तेलकट थर वर बसल्यामुळे खालची कातडी ओलसर राहते आणि मऊ पडते. एवढंच त्याचं काम. कान-नाक-घशाचे डॉक्टर बाहेरच्या कानाला सूज आली की ग्लिसरीनमध्ये मिसळलेल्या इक्थॅमॉलची वात कानात ठेवतात, ते हेच औषध. पण तो पडदा तपासून केलेला उपाय आहे. ट्यूबमधलं मलम घरी कानात भरू नका.

'ओढून काढतं' ही समजूत मात्र तपासून घ्यायला हवी. फोडातला पू म्हणजे जंतूंशी झगडून मेलेल्या पांढऱ्या पेशी, मेलेले जंतू आणि विरघळलेले ऊतक. तो आत साठत जातो, दाब वाढतो, मधोमध कातडी पातळ होत जाते आणि एके दिवशी तोंड फुटतं. लहान फोडात हे सगळं मलमाशिवायही आठवडाभरात होतं. मलम लावलेलं असलं की श्रेय त्याला मिळतं. कातडी मऊ पडल्याने तोंड लवकर फुटायला थोडी मदत होत असेल, पण खोलवरचा पू वर खेचून आणण्याची ताकद कुठल्याच मलमात नाही. हे लक्षात घेतलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

सासऱ्यांच्या फोडाला तुम्ही दोन-तीन तोंडं असल्याचं लिहिलंय, त्यामुळे मला काळपुळीची शंका येते. केसतूड म्हणजे एका केसाच्या मुळाशी झालेला फोड, त्याला तोंड एकच. काळपुळीत शेजारशेजारची अनेक मुळं एकत्र पिकतात आणि कातडीखाली ती एकमेकांना जोडलेली असतात. मानेची मागची आणि पाठीची कातडी जाड असते, तिच्याखाली तंतूंचे उभे पडदे असतात. त्या पडद्यांमधल्या छोट्या छोट्या कप्प्यांत पू अडकतो. वरून चाळणीसारखी भोकं दिसतात, थोडा थोडा पू येतो आणि घरच्यांना वाटतं निचरा होतोय. आत मात्र तो आडवा पसरत असतो. अशा फोडाला बधिर करून चिरा द्यावा लागतो, कप्पे मोकळे करावे लागतात, मेलेला भाग काढावा लागतो. वरून लावलेलं काहीही त्या कप्प्यांपर्यंत पोचत नाही. नुसत्या अँटिबायोटिक गोळ्याही पुऱ्या पडत नाहीत, कारण साठलेल्या पुवात औषध नीट शिरत नाही.

दुसरं कारण मधुमेहाचं. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, आणि शरीरात जंतुसंसर्ग असला की साखर आणखी वाढते. हे चक्र दोन-चार दिवसांत माणसाला आडवं करू शकतं. गोव्यात हे मी फार गांभीर्याने सांगते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेह पाहणीत गोव्यातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के आढळलं, देशातल्या सगळ्या राज्यांत सर्वाधिक. म्हणजे चारातल्या एकाहून जास्त. त्यांतल्या अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हेच ठाऊक नसतं. चाळिशीपुढच्या माणसाला पहिल्यांदाच मोठं गळू झालं किंवा पुन्हा पुन्हा केसतुडं होऊ लागली, की मी फोड बघतानाच बोटातून रक्त घेऊन साखर बघते. कितीतरी जणांचा मधुमेह असा फोडाच्या निमित्ताने उघड होतो.

मग काळं मलम मी कोणाला लावू देते? तब्येत एरवी चांगली असलेला माणूस, मधुमेह नाही, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू नाहीत, ताप नाही. फोड एकच, साधारण वाटाण्याएवढा, मांडीवर, कुल्ल्यावर, हातावर, अजून पिकायच्या बेतात. अशा फोडाला दोन-तीन दिवस थांबायला हरकत नाही. चेहऱ्यावर, विशेषतः नाक आणि वरचा ओठ यांच्या त्रिकोणात फोड असेल तर मात्र नाही. तिथल्या रक्तवाहिन्या आत मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांना जोडलेल्या असतात. तो फोड दाबायचा तर नाहीच, त्याच्यावर घरगुती प्रयोगही करायचे नाहीत. डोळ्याजवळ, गुदद्वाराजवळ, स्तनावर, लहान बाळाच्या अंगावर गळू असेल तरी मलमाच्या भानगडीत न पडता दाखवायचं.

मलम लावण्याआधी शेक द्यायचा. माझा खरा भरवसा शेकावर आहे, मलम त्याच्या मागून येतं. स्वच्छ सुती कापड कोमट-गरम पाण्यात बुडवून, पिळून, फोडावर दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी कोपर बुडवून बघायचं, कोपराला सोसेल तेवढंच गरम. मधुमेहाने ज्यांच्या पायाची संवेदना गेली आहे त्यांच्या पायाला शेक देऊच नका, भाजलेलं त्यांना कळत नाही. भाजलेला कांदा, चुना-गूळ, उकळती पोटीस यांनी फोडापेक्षा मोठी जखम झालेली मी बघते. चुन्याने कातडी जळते, आणि जळलेल्या कातडीतून जंतूंना नवी वाट मिळते.

शेक झाला की कातडी कोरडी करायची. पहिल्यांदाच वापरत असाल तर आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला मुगाएवढं मलम लावून एक दिवस बघा. खाज, लाली, पुरळ आलं तर ते तुमच्यासाठी नाही. काही मलमांच्या मूळ मिश्रणात लोकरीची चरबी असते आणि तिचंही काहींना वावडं असतं. मग हात धुऊन, फोडावर आणि त्याच्या कडेला अगदी थोडं, पातळ थर. जखम उघडी असेल, कातडी सोललेली असेल तर लावायचं नाही. वर गॉझ आणि चिकटपट्टी. प्लास्टिकने आवळून बांधू नका, आपल्याकडच्या दमट हवेत खाली कातडी भिजून पांढरी पडते आणि आजूबाजूला नवे फोड येतात. पट्टी दिवसातून एकदा किंवा दोनदा बदलायची, आणि दर वेळी आधीचं मलम पुसून फोड नीट उजेडात बघायचा. हे बघणं चुकवू नका. काळ्या थराखाली लाली किती पसरली ते दिसत नाही, आणि रोज वरून नवा थर चढवत गेलात तर आत काय चाललंय ते कळणारच नाही.

लाली जिथे संपते तिथे बॉलपेनने कडेने रेघ ओढा. मी दवाखान्यात हेच करते आणि घरी करायलाही सांगते. संध्याकाळी रेघ ओढली, सकाळी लाली रेघेच्या बाहेर गेलेली दिसली, की मलम बंद आणि डॉक्टरकडे. फोडापासून वर लाल दोरीसारखी रेघ चढायला लागली, काखेत किंवा जांघेत अवधाण आलं, ताप आला, ठणका वाढून झोप लागेना, तरीही तेच. यातलं काही झालं नाही पण तीन दिवसांत फोड बसलाही नाही आणि फुटलाही नाही, तरी दाखवा. 'किती दिवस' या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे, तीन दिवस.

फोड आपोआप फुटला तर दाबून पिळून रिकामा करायचा मोह आवरा. पिळल्याने पू जितका बाहेर येतो तितकाच आत ढकलला जातो. वाहील तेवढं वाहू द्या, कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा, स्वच्छ गॉझ ठेवा. फुटलेल्या तोंडात काळं मलम भरू नका. टॉवेल, उशीचा अभ्रा, दाढीचं ब्लेड वेगळं ठेवा, कारण बहुतेक केसतुडांमागचा स्टॅफिलोकॉकस हा जंतू घरातल्या एकाकडून दुसऱ्याकडे टॉवेलमधूनही जातो. पावसात टॉवेल दोन दोन दिवस दमट राहतात. गरम पाण्यात धुऊन, वाळल्यावर कडक इस्त्री फिरवून वापरा.

आता ट्यूबबद्दल. तिच्यावर इक्थॅमॉल लिहिलंय म्हणता, ते ठीक. पण ऑनलाइन 'काळं ओढमलम' या नावाखाली एक वेगळीच घातक वस्तूही विकली जाते. तिच्यात झिंक क्लोराइड आणि ब्लडरूट नावाच्या वनस्पतीचा अर्क असतो. ती कातडी आणि खालचं मांस जाळते, काळी खपली पडते, आणि विकणारे सांगतात की रोग मुळासकट निघाला. तीळ, चामखीळ, कर्करोगाच्या गाठी यांवर ती लावायला सांगतात. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने तिच्याविरुद्ध इशारे दिलेले आहेत. वरून जागा भरून आलेली दिसते आणि खाली कर्करोग वाढत राहतो. दोन्हींचा रंग काळा, म्हणून घोटाळा होतो. घटकांची यादी वाचल्याशिवाय परदेशातून आलेलं कुठलंही काळं मलम उघडू नका, आणि रंग किंवा आकार बदलत चाललेल्या तिळावर तर कुठलंच मलम नको.

इंग्लंडहून आणखी एक पांढरी पेस्ट येते, मॅग्नेशियम सल्फेटची. तिच्यात ग्लिसरीन आणि थोडं फिनॉल असतं. ही पाणी शोषून घेते, त्यामुळे फोडाच्या तोंडाशी असलेला ओलावा टिपते. सलाईनने हात सुजला की आपल्या नर्सबाई मॅगसल्फ-ग्लिसरीनची पट्टी ठेवतात, ते याच तत्त्वावर. वापरण्याआधी ती ढवळून घ्यायची आणि झाकण घट्ट लावायचं, नाहीतर आपल्या जुलैच्या हवेतलंच पाणी ओढून ती डबीत पातळ होते. तीही दिवसेंदिवस लावत राहिलं तर भोवतीची चांगली कातडी खराब करते. दोन्ही मलमं एकावर एक लावू नका.

एक इशारा फारसा कोणी देत नाही म्हणून इथे देते. या मलमांचा पाया बऱ्याचदा पॅराफिनचा असतो. त्याने माखलेली पट्टी, ओढणी, बनियन लवकर पेट घेते आणि धुतल्यावरही थोडं तेल कापडात राहतं. मानेवर किंवा हातावर पट्टी असताना गॅसपाशी, चुलीपाशी, देवघरातल्या समईपाशी वाकू नका. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर विशेष जपायचं.

मुलाच्या काट्याकडे येते. करवंदीचा काटा टणक असतो, पण आत मोडतो. टोक बाहेर दिसत असेल तर पाय साबणाने धुवा, स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने, ज्या दिशेने घुसला त्याच दिशेने मागे ओढा. टोक दिसत नसेल पण कातडीखाली काळी रेघ दिसते, तर पाय दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, टाचेची कातडी फुगून मऊ पडते, मग निर्जंतुक सुईने वरची पातळ कातडी उघडून काढता येतो. अशा वरवरच्या काट्यावर, सुईने कातडी उघडलेली नसेल तर, रात्री थोडं काळं मलम आणि वर पट्टी, एवढा प्रयोग एक रात्र करून बघायला माझी ना नाही, पण ट्यूबवर लहान मुलांसाठी वयाची अट असेल तर ती पाळा. सकाळी कातडी मऊ होऊन टोक वर आलेलं कधी कधी दिसतं.

खोल गेलेला काटा मात्र मलमाने येत नाही. पाय टेकवताना एकाच जागी टोचतं, सूज येते, चार दिवसांनी बरं वाटतं आणि महिन्याभराने पुन्हा दुखायला लागतं, असं झालं तर काटा आतच आहे. लाकूड आणि काटे साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाहीत, सोनोग्राफीत दिसतात. सांध्याजवळ काटा घुसला असेल तर थांबूच नका. धनुर्वाताचं वेळापत्रक तपासा: पाच-सहा वर्षांचा बूस्टर, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस). काही राहिलं असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आणि हाच काटा सासऱ्यांच्या पायात असता तर मी घरी सुईसुद्धा लावू दिली नसती.

काळं मलम आणखी कशाकशाला लावतात तेही सांगून टाकते. गजकर्णाला त्याचा उपयोग नाही, ती बुरशी आहे. नागिणीला लावू नका, पुरळ आल्यापासून पहिल्या तीन दिवसांत विषाणूविरोधी गोळ्या सुरू होणं जास्त मोलाचं. काजूच्या बोंडू-बियांच्या हंगामात टरफलाचा चीक उडून हात भाजतात, त्यावरही नको. तिथे साबण आणि भरपूर पाणी, आणि फोड आले तर डॉक्टर. पुढच्या वर्षी बी सोलण्याआधी हातांना खोबरेल लावा किंवा हातमोजे घाला. काखेत आणि जांघेत पुन्हा पुन्हा गळवं येत असतील तर तो बऱ्याचदा साधा जंतुसंसर्ग नसतो, वेगळा दीर्घकाळचा आजार असतो. त्यांनी त्वचारोगतज्ज्ञ गाठावा, ट्यूब बदलत बसू नये.

उद्या सासऱ्यांना नेताना सकाळी मानेवर काहीही लावू नका, हळदसुद्धा नको, म्हणजे डॉक्टरांना कातडीचा खरा रंग दिसेल. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, रक्त पातळ करणारी असेल तर ती आवर्जून, पाकिटांसकट पिशवीत घ्या. निघण्याआधी फोन करून उपाशी आणू की खाऊन, आणि साखरेची गोळी द्यायची की नाही, एवढं विचारा. स्वतःच्या मनाने गोळी देऊन त्यांना उपाशी ठेवू नका, साखर एकदम उतरते. चिरा दिला तर पुवाचा नमुना तपासणीला पाठवणार का, हे तुम्हीच विचारा, पुढे गोळी बदलायची वेळ आली तर तो रिपोर्ट कामाला येतो. त्यानंतर बरेच दिवस ड्रेसिंग लागेल. मोकळी केलेली जागा टाके न घालता आतून वर भरत येऊ देतात, म्हणून खड्डा बघून घाबरू नका. ड्रेसिंग घराजवळच्या आरोग्य केंद्रातही होतं. आणि मुलाची टाच सुजली असेल किंवा त्याला पाय टेकवत नसेल, तर त्यालाही त्याच फेरीत बरोबर घेऊन जा.